औषधाने बसलेले गाल आणि नाकारलेला दावा : सिंधुदुर्गातलं एक प्रकरण

हे प्रकरण ज्यांचं आहे त्यांच्या संमतीने लिहिलं आहे. ओळख लागू नये म्हणून वय, गाव आणि घरचे काही तपशील बदलले आहेत. बँक, विमा कंपनी, टीपीए (कंपनीच्या वतीने दावे हाताळणारी संस्था) आणि रुग्णालय यांची नावं दिलेली नाहीत. ज्यांचं हे प्रकरण आहे त्यांना इथे 'भाऊ' म्हटलं आहे. मी एचआयव्हीसह जगणाऱ्यांबरोबर काम करते, आणि या प्रकरणातल्या कागदपत्रांच्या कामात त्यांच्या सोबत होते.

पार्श्वभूमी

भाऊ पन्नाशी ओलांडलेले, एका बंदराच्या गावचे, सहकारी बँकेत कॅशियर. तरुणपणी मुंबईत नोकरीला होते. २००५ साली तिथेच एचआयव्हीचं निदान झालं आणि सरकारी केंद्रातून एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीचा विषाणू दाबून ठेवणाऱ्या, गोळ्या सुरू झाल्या. भारतात सरकारने मोफत एआरटी १ एप्रिल २००४ला सुरू केली, म्हणजे भाऊ अगदी सुरुवातीच्या रुग्णांपैकी. त्या काळी बहुतेकांना स्टॅव्ह्युडिन, लॅमिव्ह्युडिन आणि नेव्हिरापिन ही तीन औषधं मिळत. या औषधांनी भाऊंना वाचवलं, हे सगळ्यात आधी सांगितलं पाहिजे. क्षयरोग बरा झाला, वजन भरलं, ते गावी परत आले, बँकेत लागले, मुलगा मोठा झाला.

पण स्टॅव्ह्युडिन पेशींमधल्या, ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रियाला इजा करतं. पायांची आग होणं हा त्याचा एक परिणाम, आणि त्वचेखालची चरबी झिजणं हा दुसरा. गालांचा फुगीरपणा जातो, कानशिलं खोल होतात, हातापायांच्या शिरा वर दिसू लागतात. काहींचं पोट मात्र सुटतं. डॉक्टरी भाषेत याला लायपोअ‍ॅट्रॉफी म्हणतात. झिडोव्ह्युडिन या दुसऱ्या एआरटी औषधानेही हे होतं, पण कमी. जागतिक आरोग्य संघटनेने २००९च्या अखेरीस स्टॅव्ह्युडिन टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितलं, पुढे आपल्याकडेही ते गेलं. भाऊंची गोळी २०१२मध्ये बदलली, स्टॅव्ह्युडिनच्या जागी टेनोफोव्हिर आलं. आता ते टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर ही एकच गोळी रोज घेतात. त्यांच्या रक्तातला विषाणू कित्येक वर्षं तपासणीत मोजता येत नाही इतका कमी आहे. वैद्यकीयदृष्ट्या हे यश आहे. अशा माणसाकडून शरीरसंबंधातून लागणही होत नाही.

औषध बदललं की झीज थांबते. गेलेली चरबी मात्र फार सावकाश आणि थोडीच परत येते, चेहऱ्यावर तर जवळपास नाहीच. भाऊंचे गाल २०१०च्या सुमाराला बसले ते बसलेच राहिले.

अडचण

कॅशियरचा चेहरा दिवसभर काचेपलीकडच्या माणसांसमोर असतो. मासेविक्रेत्या, रापणकार, पेन्शन घ्यायला आलेले म्हातारे, सगळे ओळखीचे. "काय रे, तब्येत बरी नाय काय तुझी?" हा प्रश्न भाऊंना रोज यायचा. गणपतीत मुंबईहून आलेले नातेवाईक आणखी मोकळेपणाने विचारत, "गाल खंय गेले रे तुझे?" नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही मुंबईहून आजारी होऊन परतलेली माणसं कोकणातल्या गावांनी पाहिली आहेत. अशा गावांत तो विशिष्ट बसका चेहरा लोक ओळखतात, किंवा ओळखतो असं त्यांना वाटतं. भाऊ एकदा म्हणाले, "रिपोर्टात कायच नाय, आणि तोंडार सगळा लिवलेला." या प्रकरणाचा गाभा मला याच वाक्यात दिसतो.

२०२३मध्ये बँकेने त्यांना काउंटरवरून उठवून आतल्या रेकॉर्डच्या खोलीत बसवलं. कारण विचारलं तर उत्तर मिळालं, तुमच्या तब्येतीसाठी. पगार तोच राहिला, लेखी काही दिलं नाही. जत्रेच्या वेळी गावच्या हौशी दशावतारात ते वर्षानुवर्षं उभे राहायचे, ते त्यांनी स्वतःहून सोडलं. लग्नकार्यांना पत्नी एकटी जाऊ लागली. जिल्हा पातळीवरच्या मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्याची नेहमीची नऊ प्रश्नांची चाचणी घेतली, त्यात २७पैकी १७ गुण आले. पंधरा ते एकोणीस म्हणजे मध्यम ते तीव्र. गोळ्या आणि समुपदेशन सुरू झालं. थोडा फरक पडला. पण दर भेटीत बोलणं फिरून त्याच ठिकाणी येत होतं, आणि ते ठिकाण म्हणजे आरसा.

हा चेहरा दुरुस्त करता येतो. प्रश्न पैशाचा होता. बँकेचा सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी समूह आरोग्य विमा होता आणि भाऊंचा त्यावर हक्क होता, निदान आम्हाला तसं वाटलं.

पॉलिसीत काय लिहिलं होतं

समूह विम्याचा एक मोठा फायदा असा, की या पॉलिसीत आधीपासूनचे आजार पहिल्या दिवसापासून धरलेले होते. एचआयव्ही वगळलेला नव्हता. वैयक्तिक पॉलिसीचं तसं नाही. विमा नियामक प्राधिकरणाने २७ सप्टेंबर २०१९ला वगळण्याच्या अटी प्रमाणित केल्या. पॉलिसी घेताना आधीच असलेले जे आजार कायमचे वगळायला त्यात मुभा दिली, त्या यादीत एचआयव्ही-एड्स होता. म्हणून ज्यांना नोकरीतून समूह विमा मिळतो त्यांनी तो हलक्याने घेऊ नये.

अडसर दुसऱ्या अटीत होता, अपवर्जन कोड ०८मध्ये. ही अट जवळपास सगळ्या कंपन्यांच्या पॉलिसीत सारखीच असते. सौंदर्यासाठीची किंवा प्लास्टिक सर्जरी, रूप बदलणारा कोणताही उपचार विम्यात नाही. अपघात, भाजणं किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना मात्र चालते. रुग्णाच्या आरोग्याला असलेला थेट आणि तातडीचा धोका दूर करण्यासाठी उपचार गरजेचा असेल आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी तसं प्रमाणित केलं असेल, तरीही चालतो.

अपघात, भाजणं, कर्करोग. औषधाने झिजलेला चेहरा या तिघांतही बसत नाही. २०२१मध्ये म्युकरमायकोसिसने टाळू किंवा डोळा गेलेल्या माणसांचा आजारही या तीन शब्दांत नाही. कुष्ठरोगाने नाक बसलेला माणूसही नाही. ही यादी करताना कोणाला मुद्दाम बाहेर ठेवायचं असेल असं मला वाटत नाही. पण शरीराची मोडतोड फक्त तीन वाटांनी होते असं गृहीत धरलं, की चौथ्या वाटेने आलेल्याला सौंदर्याची हौस आहे असं ठरतं. भाऊंचा चेहरा सरकारी केंद्रातून मिळालेल्या, त्यांना वाचवणाऱ्या औषधाने झिजला. त्याची दुरुस्ती त्याच उपचाराचा भाग आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

पर्याय

डॉक्टरांनी आधी दोन गोष्टी तपासायला सांगितल्या. गाल बसण्याचं दुसरं काही कारण नाही ना? क्षयरोग परत आलेला नव्हता, मधुमेह नव्हता, वजन स्थिर होतं. आणि दात? मागच्या दाढा गेल्या की गाल आत जातात. भाऊंच्या वरच्या तीन दाढा नव्हत्या आणि गालाची आतली बाजू जेवताना दाताखाली येऊन जखमा होत होत्या. दंतवैद्याने कवळी बसवली. जखमा कमी झाल्या, चेहरा फारसा बदलला नाही. पण या तपासणीचा पुढे उपयोग झाला, कारण चेहरा सोडून आणखी काही बिघडलं होतं याची नोंद झाली.

मग चेहरा भरण्याचे उपाय. हायल्युरोनिक आम्लाचं फिलर सुईने भरतात, तासाभरात काम होतं, पण वर्ष-दीड वर्षात विरून जातं आणि भाऊंच्या चेहऱ्याला बरंच लागलं असतं. पॉलि-एल-लॅक्टिक आम्ल त्वचेखाली हळूहळू कोलॅजन तयार करतं. त्याची इंजेक्शनं काही आठवड्यांच्या अंतराने अनेकदा घ्यावी लागतात आणि परिणाम दोनेक वर्षं टिकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एचआयव्ही रुग्णांच्या गालांसाठी ते ऑगस्ट २००४मध्ये मंजूर केलं, तर कॅल्शियम हायड्रॉक्सिलॅपटाइट हे दुसरं द्रव्य २००६मध्ये. कायमस्वरूपी राहणारी फिलर्सही आहेत. स्वस्त पडतं म्हणून एका दवाखान्याने भाऊंना तसलंच काही सुचवलं होतं. त्याला शल्यविशारदांनी सरळ नाही म्हटलं. अशा द्रव्यांभोवती काही वर्षांनीही जंतुसंसर्ग होतो, गाठी येतात, आणि मग ती काढणं महाकठीण.

शेवटचा पर्याय म्हणजे स्वतःच्याच चरबीचं रोपण. पोटाच्या त्वचेखालून चरबी काढायची, शुद्ध करायची, गालात आणि कानशिलात बारीक नळीने भरायची. लायपोअ‍ॅट्रॉफीच्या अनेक रुग्णांमध्ये काढण्याजोगी चरबीच उरलेली नसते. पोट सुटलेलं दिसलं तरी ती आतल्या अवयवांभोवतीची असते, तिचा उपयोग नाही. भाऊंच्या बाबतीत बेंबीच्या खाली पुरेशी होती. भरलेल्यापैकी काही चरबी शरीर शोषून घेतं, म्हणून दुसऱ्यांदा करावं लागेल याची कल्पना त्यांना आधीच दिली होती.

इथे एक मोह होता. फिलरचं काम बाह्यरुग्ण विभागात होतं, ते विम्यात येण्याची शक्यता शून्य. चरबीचं रोपण भूल देऊन शस्त्रक्रियागृहात होतं, डे-केअरमध्ये, म्हणजे त्याच दिवशी घरी सोडण्याच्या उपचारांत, धरता येतं. मग विम्यासाठी म्हणून रोपण निवडायचं का? शल्यविशारदांनी हा प्रश्न बाजूला ठेवायला सांगितलं आणि ते बरोबर होतं. भाऊंच्या शरीराला रोपण योग्य होतं, म्हणून ते निवडलं. ते तसं नसतं आणि केवळ दाव्यासाठी निवडलं असतं, तर पुढच्या प्रत्येक पत्रात ती गोष्ट उघडी पडली असती.

खर्च कोल्हापुरातल्या खासगी रुग्णालयात लाखाच्या थोडा वर. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०२४पासून राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना खुली झाली आणि मर्यादा पाच लाखांवर गेली, म्हणून तीही पाहिली. रुग्णालयात योजनेची मदत करणाऱ्या आरोग्यमित्राने पॅकेजची यादी तपासली, पण या त्रासाच्या नावाने त्याला त्यात काही सापडलं नाही. मुंबईच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात प्रयत्न करणं शक्य होतं. पण तिथल्या रांगा लांब. भाजलेले, अपघातातले रुग्ण पुढे, आणि ते योग्यच. राहिला बँकेचा समूह विमा.

पहिलं पत्र

रुग्णालयाच्या विमा खिडकीवरून पूर्वमान्यतेचा, म्हणजे बिल कंपनीने थेट भरावं (कॅशलेस) म्हणून आधीच मंजुरी मागणारा, अर्ज गेला. त्यात उपचाराच्या रकान्यात लिहिलं होतं, 'चेहऱ्यावर चरबी रोपण, सौंदर्यविषयक सुधारणा'. लिहिणाऱ्याने रोजच्या सवयीने लिहिलं. कॅशलेसच्या अर्जावर तासाभरात निर्णय द्यावा असा २०२४पासून नियम आहे, आणि नकारही तितक्याच लवकर आला, कोड ०८ दाखवून.

या प्रकरणात सगळ्यात महाग पडलं ते हे एक वाक्य. दावा तपासणारा अधिकारी आधी निदान आणि उपचाराचे शब्द पाहतो. 'सौंदर्य' हा शब्द रुग्णालयानेच लिहून दिल्यावर पुढे काय बोलणार? नंतर पाठवलेलं प्रत्येक स्पष्टीकरण आधीच्या पत्राची सारवासारव वाटू लागलं.

शस्त्रक्रिया थांबवायची का, हा पुढचा निर्णय. विम्याचा वाद कधी संपेल सांगता येत नव्हतं आणि नैराश्य वाढत होतं. भाऊंनी कर्मचारी पतसंस्थेतून कर्ज काढलं आणि शस्त्रक्रिया करून घेतली. परतफेडीचा दावा नंतर करायचं ठरलं. आजही मला हाच निर्णय योग्य वाटतो. पॉलिसीच्या अटीवर वाद घालता येतो, नैराश्यातल्या माणसाला वर्षभर ताटकळत ठेवता येत नाही.

दुसरा अर्ज

परतफेडीच्या दाव्याला या वेळी नीट फाइल लावली. एआरटी केंद्राचं पत्र, कोणतं औषध कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत. त्यासाठी मुंबईच्या केंद्रातलं जुनं पांढरं कार्ड आणि भाऊंनी जपून ठेवलेली हिरवी पुस्तिका लागली. कार्डावर २००८ सालची 'पायांची आग' अशी नोंद सापडली, म्हणजे स्टॅव्ह्युडिनचा दुष्परिणाम होत होता याचा समकालीन पुरावा. निदान आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतल्या ई८८.१ या क्रमांकाने लिहिलं, म्हणजे लायपोडिस्ट्रॉफी, शरीरातल्या चरबीचा बिघाड. झीज चार पायऱ्यांच्या मोजपट्टीवर चौथ्या पायरीची. दंतवैद्याची नोंद, मानसोपचारतज्ज्ञांचा अहवाल, शस्त्रक्रियेआधीचे फोटो. शल्यविशारदांनी 'औषधजन्य विकृतीची पुनर्रचना' असं स्पष्ट लिहिलं.

सोबतच्या पत्रात दोन मुद्दे होते. पहिला, मानसिक आरोग्य कायदा २०१७, कलम २१. त्यात विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यावं असं म्हटलं आहे. दुसरा, इतर देशांनी हा प्रश्न कसा सोडवला. अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याने २३ मार्च २०१०ला निर्णय दिला, की एचआयव्ही रुग्णाच्या चेहऱ्याच्या झिजेमुळे नैराश्य आलं असेल तर मान्यताप्राप्त फिलरचा खर्च मिळेल. मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१६मध्ये कायदाच केला आणि विमा कंपन्यांना लायपोडिस्ट्रॉफीचा उपचार देणं बंधनकारक केलं. ब्राझीलच्या सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेने तर २००४पासूनच अशा शस्त्रक्रिया आपल्यात घेतल्या. हे आपल्यावर बंधनकारक नाही. पण जगात तीन ठिकाणी विचारपूर्वक ही दुरुस्ती उपचारात मोजली गेली, एवढं दिसावं म्हणून ते लिहिलं.

उत्तर विनम्र होतं आणि नकाराचं होतं. नैराश्यासाठी रुग्णालयात दाखल झाल्यास खर्च मिळेल, चेहऱ्याचा मिळणार नाही. थेट आणि तातडीचा धोका सिद्ध होत नाही. म्हणजे भाऊ खचून दाखल झाले असते तर पैसे मिळाले असते, खचण्याचं कारण दूर केलं म्हणून नाहीत. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडूनही तेच उत्तर आलं.

गुप्ततेचा प्रश्न

हे सगळं चालू असताना भाऊंची खरी झोप उडाली ती वेगळ्या कारणाने. समूह विम्यात टीपीए आणि ब्रोकर (विमा काढून देणारा मध्यस्थ) मालकाला दाव्यांचा तक्ता पाठवतात. नाव, शाखा, निदान, रक्कम. तो तक्ता बँकेच्या ज्या विभागात जातो तिथे भाऊंचा चुलत मेव्हणा बसायचा.

एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८पासून लागू आहे. त्याचं कलम ८ संमतीशिवाय एखाद्याची एचआयव्ही स्थिती उघड करायला मनाई करतं. कलम ११ अशी माहिती ठेवणाऱ्या संस्थांना ती सुरक्षित ठेवायची जबाबदारी देतं. कलम ३मध्ये नोकरी, आरोग्यसेवा आणि विम्यातल्या भेदभावाला बंदी आहे. विम्याबाबत एक अपवाद आहे, विमागणिती अभ्यासाचा, म्हणजे जोखमीच्या आकडेवारीच्या हिशेबाचा, आधार असेल तर. परतफेडीचा दावा टाकण्याआधी टीपीएला आणि ब्रोकरला या कलमांसह पत्र दिलं, की मालकाकडे जाणाऱ्या तक्त्यात निदानाच्या जागी फक्त 'चयापचयाचा विकार' असावं. ब्रोकरने फोनवर लगेच हो म्हटलं. आम्ही लेखी मागितलं, ते आठवड्याने आलं.

पहिला, पूर्वमान्यतेचा अर्ज मात्र या पत्राच्या आधीच गेलेला होता. त्यात एचआयव्ही हा शब्द होता की नाही, आणि तो कोणापर्यंत पोचला, हे कळायला मार्ग नाही. भाऊ पुढचे दोन महिने बँकेत प्रत्येकाच्या नजरेकडे बघत बसायचे. कागद एकदा निघून गेला की परत बोलावता येत नाही.

काउंटरवरून उठवल्याबद्दल तक्रार करायची का, हेही बोललो. शंभर किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमावा असं हाच कायदा सांगतो. पण तक्रार करायची तर आधी आजार सांगायला हवा. भाऊंनी नाही म्हटलं. इथे आग्रह धरण्याचा अधिकार कोणालाच नव्हता.

लोकपालाकडे जायचं की नाही

विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, तक्रार विनाशुल्क असते, वकील लागत नाही, कंपनीच्या अंतिम नकारापासून वर्षभरात करायची असते. सिंधुदुर्गासाठी पुण्याचं कार्यालय. कागद तयार होते. मी या बाजूची होते, कारण 'पुनर्रचना' आणि 'रूप बदलणं' यांतला फरक एखाद्या निष्पक्ष माणसासमोर मांडला जावा असं मला वाटत होतं. दावा हरण्याची शक्यताही होती. कोड ०८चे शब्द सुटे नाहीत, चांगले घट्ट आहेत.

पण सुनावणी म्हणजे बँकेचं नाव, पॉलिसी क्रमांक, भाऊंचं नाव, आणि लेखी निवाडा. ओळख झाकून सुनावणी मागण्याची तरतूद एचआयव्ही कायद्याच्या कलम ३४मध्ये आहे, ती न्यायालयीन कामकाजासाठी. लोकपालाकडे तशी विनंती करता आली असती, खात्री देता आली नसती. भाऊ आणि वहिनींनी आठ दिवस विचार केला आणि नको ठरवलं. "पैसे गेले तर गेले, ताई. नाव गेला तर पोराचा काय?" हा निर्णय त्यांचा होता आणि तो भित्रेपणाचा होता असं मला कधीच वाटलं नाही.

नूतनीकरणाची वाट

मार्ग निघाला तो भलत्याच दिशेने. बँकेच्या दुसऱ्या शाखेतल्या एका शिपायाला २०२१मध्ये कोविडनंतर म्युकरमायकोसिस झाला होता, टाळूचा अर्धा भाग काढावा लागला. जीव वाचवणाऱ्या शस्त्रक्रियेचे पैसे मिळाले, पण नंतरच्या चेहऱ्याच्या पुनर्रचनेवर कंपनीने तोच कोड ०८ दाखवला होता. हे सगळ्या कर्मचाऱ्यांना माहीत होतं, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं.

समूह पॉलिसी दरवर्षी नव्याने ठरते आणि तिच्यात मालक व कंपनी यांच्या संमतीने जादा तरतूद करता येते, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. कर्मचारी संघटनेने एप्रिल २०२५च्या नूतनीकरणाआधी व्यवस्थापनाकडे मागणी ठेवली, की आजारामुळे किंवा त्याच्या उपचारामुळे चेहऱ्याला आलेल्या विकृतीची पुनर्रचना, तज्ज्ञांच्या प्रमाणपत्रावर, विम्यात घ्यावी. मसुद्यात कोणत्याही आजाराचं नाव नव्हतं. शिपाईबुवांचा चेहरा सगळ्यांसमोर होता. भाऊंनी संघटनेच्या सभेत हात वर केला, इतर चाळीसेक जणांबरोबर. कोणाला काही वेगळं वाटण्याचं कारण नव्हतं.

'किंवा त्याच्या उपचारामुळे' हे शब्द मसुद्यात राहावेत यासाठी मात्र बराच झगडा झाला. कंपनीला फक्त 'आजारामुळे' हवं होतं. संघटनेच्या सचिवांनी किरणोपचाराने जबडा खराब झालेल्यांचं उदाहरण दिलं आणि ते शब्द टिकले. हप्ता किंचित वाढला. मर्यादा ठरली प्रत्येकी पंचाहत्तर हजार, पॉलिसीच्या मुदतीत एकदाच.

निकाल

पहिल्या शस्त्रक्रियेचे लाखभर रुपये परत मिळाले नाहीत. भाऊ अजून पतसंस्थेचा हप्ता भरत आहेत.

अपेक्षेप्रमाणे भरलेल्या चरबीतली बरीच विरली, डाव्या गालात जास्त. २०२५च्या पावसाळ्यात दुसरं रोपण झालं, ते छोटं होतं. या वेळी अर्जात पहिल्या ओळीपासून 'औषधजन्य विकृतीची पुनर्रचना' होतं, निदानाचा क्रमांक होता, जादा तरतुदीचा उल्लेख होता, आणि गुप्ततेचं पत्र अर्जाच्या आधी पोचलेलं होतं. दावा मंजूर झाला. हातमोजे वगैरे न मिळणाऱ्या वस्तूंचे पैसे वजा करून बाकी रक्कम आली.

चेहरा तिशीतला झालेला नाही, कोणी तसं सांगितलंही नव्हतं. गाल भरलेले दिसतात, कानशिलं अजून थोडी खोल आहेत. नैराश्याच्या चाचणीत ८ गुण, गोळ्या कमी केल्या आहेत. बँकेत ते अजून रेकॉर्डलाच आहेत. काउंटर परत मागायचा की नाही हे त्यांनी ठरवलेलं नाही.

वेगळं काय करता येईल

पहिलं पत्र. रुग्णालयाच्या खिडकीवर अर्ज भरला जाण्याआधी शल्यविशारद, एआरटी केंद्राचे डॉक्टर आणि रुग्ण यांनी मिळून निदान व उपचाराचे शब्द ठरवावेत. खोटं काही लिहायचं नाही. खरं जे आहे ते नेमकं लिहायचं: कोणत्या औषधाने, कधीपासून, किती, आणि त्यामुळे काय काय अडतं. दंतवैद्याची आणि मानसोपचारतज्ज्ञांची नोंद आधी असावी, नकार आल्यावर जमवलेली नको.

गुप्ततेचं पत्र त्याहूनही आधी. टीपीए, ब्रोकर आणि विमा कंपनी, तिघांना, लेखी पोच घेऊन.

पॉलिसीची प्रत भाऊंनी पहिल्यांदा वाचली ती नकार आल्यानंतर. समूह विम्याची प्रत कर्मचाऱ्याकडे नसतेच, मोबाइलवर ओळखपत्र असतं तेवढंच. संघटनेने ती दरवर्षी मागून ठेवावी आणि नूतनीकरणाच्या दोन-तीन महिने आधी वाचावी. कोड ०८ला जोड मागायची वेळ तीच. एका माणसाने स्वतःसाठी मागितली तर त्याला नाव सांगावं लागतं. सगळ्यांनी मागितली तर लागत नाही.

निवृत्तीचाही विचार आत्तापासून हवा. नोकरी संपली की समूह विमा संपतो, आणि एचआयव्ही असलेल्या माणसाने नवी वैयक्तिक पॉलिसी घेणं सोपं नाही. त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर करता येतं आणि झालेला प्रतीक्षाकाळ (आधीचे आजार विम्यात धरले जाण्याआधी थांबावं लागतं तो काळ) मोजला जातो, पण अर्ज समूह विमा चालू असतानाच करायचा. भाऊंच्या फाइलमध्ये तो फॉर्म आता वरच लावून ठेवला आहे.

आणि जुनी कार्डं. २००४ ते २०१२ या काळात स्टॅव्ह्युडिन घेतलेली माणसं कोकणात अजून बरीच आहेत. अनेकांचा उपचार मुंबईत सुरू झाला आणि नंतर ती गावी आली. त्यांचा पुरावा जुन्या केंद्रातल्या पांढऱ्या कार्डावर आहे, आणि कागद वीस वर्षांचा होत आला. ज्यांना आज काहीही मागायचं नाही त्यांनीही त्या कार्डाची केंद्राच्या शिक्क्यासह प्रत काढून घ्यावी, औषधांच्या तारखांचं पान विशेष करून. भाऊंच्या ओळखीच्या एका बाईंचं कार्ड मिळवायला आम्ही सध्या पत्रं लिहितो आहोत.